डर्बीशायरमधले पाच दिवस आणि न संपणारं बांधकाम

दिवस पहिला, चेस्टरफील्ड

ताई गेली अकरा वर्षं तिकडे इंग्लंडमध्ये, डर्बीशायरला आहे आणि अकरा वर्षं दर दिवाळीला फोनवर एकच प्रश्न, "तू कधी येतोयस?" शेवटी या मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला, दुपारी साइटवर माणूस उभा राहीना, तेव्हा म्हटलं चला, आता नाही तर कधीच नाही. मँचेस्टरला उतरलो तर बाहेर १२ डिग्री आणि मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. दाजींनी काही न बोलता डिकीतून एक जाकीट काढून हातात दिलं, म्हणजे त्यांना हे आधीच माहीत होतं.

माझा धंदा घरदुरुस्तीचा. नवीन बंगलेही करतो पण जास्त काम जुन्या घरांचं, धाब्याची घरं, वाडे, कुणाला त्यात अटॅच बाथरूम हवं असतं कुणाला वर एक मजला चढवून पाहिजे. त्यामुळे ताईच्या त्या बोलावण्यात नुसती माया नव्हती हे पोचल्यावर अर्ध्या तासात कळलं. त्यांचं घर जोडघर आहे, विटांचं, १९३० च्या आसपासचं, आणि तिला किचन मागच्या बाजूला बारा फूट वाढवायचंय. चहाचा कप हातात असतानाच मला परसात नेऊन उभं केलं, "इथपर्यंत. कसं वाटतं?" मी म्हटलं ताई, मला आधी झोपू दे.

संध्याकाळी गावात चक्कर मारली. चेस्टरफील्डच्या चर्चचा कळस वाकडा आहे, म्हणजे थोडाफार नाही, पिळून काढल्यासारखा वाकडा. २२८ फूट उंच आणि टोक मधून नऊ फुटांपेक्षा जास्त सरकलेलं. गावकरी म्हणतात सैतान त्यावर येऊन बसला होता. खरं कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते असं की १४ व्या शतकात ओलं लाकूड वापरलं, ते वाळताना पिळलं, आणि वर नंतर शिशाच्या पत्र्याचं वजन चढवलं. मी म्हटलं हा सैतान माझ्या ओळखीचा आहे, आमच्याकडे तो सागवान म्हणून भलतंच लाकूड विकतो.

दिवस दुसरा, हॅडन हॉल

दाजींना सुट्टी नव्हती म्हणून ताई, मी आणि बारा वर्षांची भाची. भाची मराठी छान बोलते, फक्त 'ळ' ला घाबरते. बेकवेल गावाच्या अलीकडे-पलीकडे वाय नावाची नदी वाहते, आपल्याकडे तिला ओढा म्हटलं असतं, त्याच्यावर एका टेकाडावर हे हॅडन हॉल.

मला वाटलं होतं राजवाडा असेल. आत गेलो आणि पहिल्या मिनिटात ओळख पटली, अरे हा तर दोन चौकी वाडा! खालचा चौक, वरचा चौक, मधे आडवी मोठी बैठक. दगडी फरसबंदी सगळी चढउताराची, एकही उंबरा दुसऱ्याच्या लेव्हलला नाही. सुरुवात १२ व्या शतकातली, मग व्हर्नन घराण्याने सुमारे चारशे वर्षं जे पाहिजे ते जिथे सुचलं तिथे जोडलं. मधली मोठी बैठक १३७० च्या सुमाराची. स्वयंपाकघर आधी मुद्दाम वेगळं बांधलेलं, आगीच्या भीतीने, नंतर कधीतरी बोळकांडं काढून घराला जोडून घेतलं. तिथले लाकडी ठोकळे बघा, मांस तोडून तोडून मधे खोलगट झालेत, आपल्या पाट्या-वरवंट्यासारखे. बैठकीच्या लाकडी पडद्यावर एक लोखंडी कडी आहे, जो पाहुणा आपल्या वाटची दारू पिणार नाही त्याचा हात त्यात अडकवायचा आणि उरलेली दारू त्याच्या बाहीत ओतायची. आग्रह म्हणजे आग्रह!

१५६३ मध्ये डोरोथी व्हर्ननने जॉन मॅनर्सशी लग्न केलं (पळून जाऊन, अशी दंतकथा आहे, भाचीला ती फार आवडली) आणि घर मॅनर्सांकडे गेलं. पुढे हे मॅनर्स १७०३ ला ड्यूक ऑफ रटलंड झाले (ड्यूक म्हणजे सरदारांतली सगळ्यात वरची पदवी), ड्यूक झाल्यावर मोठ्या घरात राहायला गेले, बीव्हर कॅसलला (स्पेलिंग Belvoir). आणि हॅडन तसंच सोडून दिलं. दोनशे वर्षं! विकलं नाही, पाडलं नाही, राहिलेही नाहीत. त्या दोनशे वर्षांत इंग्लंडमधल्या प्रत्येक श्रीमंताने आपलं घर खांबबिंब लावून रोमन करून घेतलं, फ्रेंच करून घेतलं, आणि इथे मात्र कुणी खिळासुद्धा मारला नाही. १९२० च्या दशकात नवव्या ड्यूकने ते हळुवार दुरुस्त केलं, बैठकीचं ओकचं छप्पर नवीन घातलं, देवळातला चुना खरवडला तर खाली १५ व्या शतकातली भित्तिचित्रं निघाली. इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यावर वरून चुना फासला होता, त्या चुन्यानेच ती वाचली.

वरची लाँग गॅलरी ११० फूट लांब, भिंती ओकच्या फळ्यांच्या. खिडक्यांना शंकरपाळ्यासारख्या छोट्या काचा, आणि त्या सपाट नाहीतच, तावदानं बाहेर-आत फुगलेली, प्रत्येक काच थोड्या वेगळ्या कोनात. त्यामुळे उजेड एकसारखा न पडता फुटून येतो. मी फोटो काढले पण फोटोत काहीच आलं नाही.

आईचा फोन आला तिथेच. "कोनाचं घर पाह्यला गेला रे इतक्या दूर?" मी म्हटलं आई, रावेरच्या आपल्या वाड्यासारखंच आहे. ती म्हणाली मग आपलाच पाहायचा होता ना. आता काय बोलणार, आमच्या वाड्याच्या चौकातून १९८७ ला दोन्ही काकांनी वाटणीची भिंत घातली, आणि एका काकांच्या वाट्याला आलेल्या देवघराचं आता संडास-बाथरूम झालंय. पाहण्यासारखं उरलंच काय.

दिवस तिसरा, चॅट्सवर्थ

ज्याच्यासाठी आलो ते हे. शनिवार, दाजी पण होते.

डरवेंट नदीवर एक तीन कमानींचा पूल आहे, तो ओलांडला की समोर हिरव्या उतारावर मधाच्या रंगाचं प्रचंड घर आणि त्याच्या खिडक्या खरंच चमकतात. पश्चिमेच्या खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा वर्ख आहे. आधी वाटलं पितळी पेंट असेल, नाही, वर्खच. डाव्या हाताला एक लांब शेपूट आणि टोकाला बुरूज. लांबून बघितलं तर एकाच माणसाने एकाच दिवशी काढलेलं चित्र वाटतं. आणि हीच गंमत आहे, यात एकाचं काहीच नाही.

सुरुवात बेस ऑफ हार्डविक नावाच्या बाईपासून. चार लग्नं, प्रत्येक लग्नात आधीपेक्षा मोठं घर आणि जास्त पैसा. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश, त्याला घेऊन ती आपल्या माहेरच्या मुलखात आली, १५४९ मध्ये चॅट्सवर्थची जमीन ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ ला बांधकाम काढलं. नवरा १५५७ ला वारला, हिने पुढे काम चालू ठेवलं. मधे चौक, चारी बाजूंना घर, कोपऱ्याला बुरूज. चौथ्या नवऱ्याकडे इंग्लंडच्या राणीने एक कैदी ठेवायला दिली होती, स्कॉटलंडची राणी मेरी, तिलाही १५६९ पासून अधूनमधून इथे आणून ठेवायचे. आजही वरच्या मजल्यावरच्या काही खोल्यांना मेरीचं नाव आहे, पण आतलं सगळं १९ व्या शतकातलं. नाव तेवढं शिल्लक, आमच्याकडे कसं 'जुनी मारवाडी गल्ली' म्हणतात आणि तिथे मॉल असतो तसं.

मग बेसचं घर कुठे आहे? हेच मी तिथल्या स्वयंसेवक आजोबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले तुम्ही त्याच्या पोटातच उभे आहात. बाहेर बेसच्या काळातलं ठळक उरलंय ते म्हणजे मागच्या टेकडीवरचा शिकारीचा मनोरा. बाकी घर दिसत नाही, पण गेलंही नाही.

कसं ते सांगतो, मला स्वतःला हे समजायला अर्धा दिवस लागला. शंभरेक वर्षांनी बेसचा पणतू-खापरपणतू जो कोणी चौथा अर्ल ऑफ डेव्हनशायर (अर्ल ही ड्यूकच्या खालची पदवी), तो राजकारणात दुसऱ्या जेम्स राजाच्या विरोधात होता, म्हणून गावी येऊन बसला होता. बसल्या बसल्या म्हणाला दक्षिणेची बाजू जरा नीट करू. १६८७ ला विल्यम टॅलमन नावाच्या आर्किटेक्टकडून काम सुरू. फक्त दक्षिणेची बाजू हां. ती झाली, मग पूर्वेची जुनी वाटायला लागली. ती केली. मधल्या काळात राजा बदलला, आणि नव्या राजाला बोलावणाऱ्या सात जणांत हा स्वतः होता, १६९४ ला त्याला ड्यूक केलं. आता ड्यूकची पश्चिमेची बाजू अशी कशी चालेल, १६९९ ला ती काढली. मधेच टॅलमनशी फाटलं. मग शेवटी १७०५ ला उत्तर, आणि १७०७ ला सगळं संपलं आणि त्याच वर्षी ड्यूकही संपला. वीस वर्षं! माझ्याकडे असे क्लायंट येतात, "फक्त किचनच्या टाइल्स बदलायच्यात" म्हणून बोलावतात आणि दोन वर्षांनी मी त्यांच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग करत असतो. ताई बाजूलाच होती, तिच्याकडे बघितलं, तिने दुसरीकडे बघितलं.

पण एकेक बाजू पाडून बांधताना बाकीच्या तीन बाजू उभ्याच होत्या, त्यामुळे जुन्या घराच्या मजल्यांच्या लेव्हल धरूनच जावं लागलं. बेसच्या काळात मानाच्या खोल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर असायच्या, म्हणून ड्यूकच्या पण तिथेच आल्या. नाहीतर १६९० मध्ये पाहुण्यांना पार वरच्या मजल्यापर्यंत चढवून नेणारा माणूस वेडाच म्हटला असता. एखादा मजला उगाच उंच का, उत्तर नव्या घरात सापडत नसेल तर जुन्यात शोधायचं.

दक्षिणेची दर्शनी बाजू नीट मोजा. खिडक्यांचे खण १२ आहेत. सम संख्या, म्हणजे मधोमध खिडकी नाही, मधे नुसती भिंत. वर त्रिकोणी माथाही नाही, सरळ कठडा. शाळेत पाठ केलेल्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध आणि तरी उभं राहून बघत राहावंसं वाटतं. उलट पश्चिमेची बाजू एकदम शिस्तीत, ९ खण, मधे त्रिकोण, चपटे खांब. ती मला सुंदर वाटली पण दक्षिणेइतकी नाही.

आणि उत्तर, माझी सगळ्यात लाडकी! झालं काय, पश्चिमेची बाजू बांधून झाली तेव्हा तिचं उत्तर टोक पूर्वेच्या टोकापेक्षा नऊ फूट पुढे आलं होतं. नऊ फूट! नऊ इंच चुकलं तर मी दोन रात्री झोपत नाही. आता दोन्ही टोकं सरळ भिंतीने जोडली तर अख्खी भिंत तिरकी दिसणार. थॉमस आर्चर नावाच्या आर्किटेक्टने तिथे भिंत मधून हलकीशी गोल, पुढे पोट काढलेली केली. डोळा त्या गोलाईकडे जातो आणि तिरकेपणा विसरतो. मी बाहेर जाऊन कोपऱ्यावरून एक डोळा मिटून ओळंबा बघतात तसं बघितलं, तेव्हा कुठे दिसलं. भाचीला सांगितलं तर ती म्हणे "म्हणजे चीटिंग?" हो, पण शिकून केलेलं.

आत पेंटेड हॉल. भिंती, छत सगळीकडे ज्युलियस सीझर, लुई लागेर नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १६९० च्या दशकात रंगवलेला. समोर रुंद जिना आहे तो मला मूळचा वाटला, तर तो १९१२ चा निघाला. तिथे आधी दोन वेगळे जिने होऊन गेले. शेकोटीच्या वर लॅटिनमध्ये एक शिलालेख आहे, अर्थ असा की हे घर १६८८ ला सुरू झालं आणि सहाव्या ड्यूकने १८४० ला पूर्ण केलं. बेसचा १५५२ चा पत्ताच नाही त्यात. आणि 'पूर्ण' हा शब्द बघून मला हसूच आलं.

वरच्या मानाच्या खोल्या राजा विल्यम आणि राणी मेरीसाठी (ही वेगळी मेरी) सजवल्या होत्या. ते कधी आलेच नाहीत. एकातून एक दारं एका रेषेत, आणि पहिल्या मोठ्या दालनात टोकाला आरसा लावलाय, त्यामुळे खोल्यांची रांग दुप्पट लांब दिसते, मी त्या आरशातल्या माणसाला वाट द्यायला बाजूला झालो, तो मीच होतो. त्याच दालनाच्या छतावर व्हेरिओ नावाच्या इटालियनने देवदेवता रंगवल्यात, त्यात आयुष्याचा दोरा कात्रीने कापणारी एक भेसूर बाई आहे, म्हणतात की ती घरातली हाउसकीपर, चित्रकाराचं तिच्याशी पटत नव्हतं. पुढच्या एका खोलीत दरवाजामागे व्हायोलिन टांगलंय. जवळ गेलात तर ते टांगलेलं नाही, रंगवलेलं आहे. तो दरवाजाच मुळात इथला नाही, घराण्याच्या लंडनमधल्या घरातून आणून बसवलाय. ते लंडनचं घर १९२४ ला पाडलं.

जेवायला बाहेर घोड्यांच्या पागेत. पागा म्हणजे काय, आपल्याकडचं जिल्हाधिकारी कार्यालय त्यात दोनदा बसेल. ही चौथ्या ड्यूकची करामत, १७६० च्या आसपासची. त्याला घरात फारसं काही करायचं नव्हतं, त्याला घराची दिशाच फिरवायची होती. तोवर लोक पूर्वेकडून टेकडी उतरून यायचे, याने ठरवलं पश्चिमेकडून नदी ओलांडून यायचं. मग जुने तबेले पाडले, नजरेत येणारी गावातली घरं हलवली, जेम्स पेन नावाच्या आर्किटेक्टकडून नवी पागा आणि तो तीन कमानींचा पूल बांधून घेतला, आणि बागा आखणाऱ्या कॅपेबिलिटी ब्राऊनला बोलावून पूर्ण डोंगरउतार कापून, भरून, झाडं लावून 'नैसर्गिक' करून घेतला. सकाळी पुलावरून मला जे दिसलं, नदी, गवत, मेंढरं, तो निसर्ग नव्हता, ते पण बांधकामच.

आणि मग सहावा ड्यूक. १८११ ला २१ वर्षांचा असताना वारसा मिळाला, लग्न केलं नाही, म्हणून त्याला बॅचलर ड्यूकच म्हणतात. बायको नसलेल्या माणसाचा पैसा कुठे जातो ते इथे दिसतं. जेफ्री वायटव्हिल त्याचा आर्किटेक्ट. (हा गृहस्थ जन्माने नुसता वायट, राजाचं विंडसरचं काम मिळाल्यावर आडनावाला शेपूट लावून घेतली. शेपटं लावणं त्याचा धंदाच होता.) त्याने उत्तरेला लांबच लांब नवी विंग काढली, म्हणजे सकाळी डाव्या हाताला दिसलेलं ते शेपूट, त्यात मोठं जेवणघर, पुतळ्यांची गॅलरी, संत्र्यांच्या झाडांचं काचघर, टोकाच्या बुरुजात नाट्यगृह. घर जवळजवळ दुप्पट झालं. पहिल्या ड्यूकची लाँग गॅलरी होती तिची याने लायब्ररी करून टाकली. जर्मनीतल्या कुठल्याशा मठाचं ओकचं कोरीवकाम लिलावात दिसलं, घेऊन टाकलं, मग ते लावायला खोली शोधली. मला हा माणूस आवडला. विचार न करता घेतो आणि मग जागा करतो, आमच्या आत्यासारखा.

पुतळ्यांच्या गॅलरीत बुरखा घेतलेली एक बाई आहे, मोंटी नावाच्या शिल्पकाराची, ड्यूकने १८४७ ला घेतली. संगमरवराचा बुरखा आणि त्यातून चेहरा दिसतो. हैदराबादला सालारजंगमध्ये 'व्हेल्ड रिबेका' बघितलीय ना, त्याच जातीची पण शिल्पकार वेगळा. दाजी तिथे दहा मिनिटं गप्प उभे होते, एरवी ते कार पार्किंगच्या वेळेबद्दल बोलतात.

बाहेर पडेपर्यंत पाच वाजले आणि बाग राहूनच गेली. ताई म्हणाली उद्या येऊ. मी नको नको म्हटलं, पण मनातून हवंच होतं.

दिवस चौथा, परत चॅट्सवर्थ

पाऊस. इथला पाऊस पडत नाही, हवेत लोंबकळतो.

बागेचं थोडक्यात सांगतो. उतारावर दगडी पायऱ्यांवरून पाणी सोडणारा कॅस्केड आहे, १६९६ ला एका फ्रेंच माणसाने सुरू केलेला, पण गळती लागल्यामुळे पाणी बंद होतं. ३०० वर्षांनी गळला, मी त्यांना माफ केलं, माझ्या टाक्या आठ वर्षांत गळतात. खालच्या लांब तळ्यात एम्परर फाउंटन, रशियाचा झार निकोलस येणार म्हणून १८४४ पर्यंत घाईघाईने केलेलं. वर पठारावर तलाव खणला आणि नळातून पाणी खाली सोडलं, पंप नाही काही नाही, नुसत्या उंचीच्या जोरावर पाणी २९६ फुटांपर्यंत उडालेलं आहे. त्या दिवशी निम्म्यावर सोडलं होतं तरी मान दुखली. आणि झार? आलाच नाही. या घराला न येणाऱ्या राजांचा शापच आहे.

हे सगळं करणारा जोसेफ पॅक्स्टन, ड्यूकचा माळी. १८२६ ला तरुण पोर म्हणून लागला आणि इंजिनिअर होऊन बसला. त्याने इथे २७७ फूट लांबीचं काचेचं घर बांधलं, आतून बग्गी जायची, तापवायला कोळसा बोगद्यातून यायचा. त्याच अनुभवावर पुढे १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस, तो प्रचंड काचमहाल. पहिल्या महायुद्धात कोळसा नाही, थंडीत झाडं मेली, आणि १९२० ला ते काचघर सुरुंग लावून पाडलं, तेही एका सुरुंगात पडलं नाही. आज तिथे हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह आहे, भाची त्यात पंधरा मिनिटं हरवली आणि ताई बाहेरून ओरडत होती.

त्या माळ्याने आपल्याकडेही माणूस धाडला होता. १८३५ ला जॉन गिब्सन नावाचा त्याचा हाताखालचा माळी कलकत्त्याला गेला, खासी टेकड्यांतून ऑर्किड गोळा करून घेऊन आला. आणि याहून भारी, पॅक्स्टनने मॉरिशसकडून आलेलं केळीचं एक रोप इथे काचघरात वाढवलं, १८३५ च्या नोव्हेंबरात त्याला फुलोरा आला, आणि मालकाच्या आडनावावरून त्या केळीला नाव पडलं कॅव्हेंडिश. मी तिथे पाटीसमोर छत्री बाजूला करून उभाच राहिलो. आम्ही रावेरचे! बसराई काय, आत्ताची जी-नाइन म्हणजे ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. आयुष्यभर केळीच्या घडाखाली वाढलो आणि बागेचं बारसं या ओल्या डोंगरात झालेलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "भाव काय तिकडे?"

परत निघताना दाजींनी एक हिशोब सांगितला तो ऐकण्यासारखा आहे. दहाव्या ड्यूकने १९४६ ला इस्टेट ट्रस्टच्या नावे करून ठेवली होती, मृत्युकर वाचावा म्हणून, पण त्यासाठी पुढे पाच वर्षं जगावं लागतं, आणि तो १९५० च्या नोव्हेंबरात काही आठवडे कमी पडून गेला. कर ८० टक्के. जमिनी गेल्या, चित्रं गेली, फेडायला वीसहून जास्त वर्षं लागली. १९८१ पासून घर ट्रस्टकडे आहे, ड्यूकचं घराणं स्वतःच्या घरात भाडं भरतं. आणि बांधकाम? दहा वर्षं चाललेलं एक मोठं काम २०१८ ला संपलं, ३ कोटी २० लाख पौंड, काजळी धुतली, झिजलेले चिरे इथल्याच जुन्या खाणीच्या दगडाने बदलले, वायरिंग, पाइप, शिसं, आणि तो वर्ख.

दिवस पाचवा, हार्डविक

शेवटचा दिवस, तो कर ज्याने भरला ते घर. मृत्युकराच्या बदल्यात सरकारला दिलं, १९५९ पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या संस्थेकडे. चेस्टरफील्डहून अर्धा तास, एम-वन हायवेवरून टेकडीवर दिसतं.

हेही बेसचंच. चौथ्या नवऱ्याशी बिनसलं, ती माहेरी हार्डविकला आली, तिथलं जुनं घर वाढवायला घेतलं, ते संपायच्या आत १५९० ला नवरा वारला, हातात अफाट पैसा आला, आणि हिने जुन्या घराचं काम चालू असतानाच शंभर पावलांवर नवीन काढलं! सत्तरीकडे झुकलेली बाई. १५९७ ला राहायला आली. सहा बुरूज आणि प्रत्येकावर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरं, ई आणि एस (बेस म्हणजे एलिझाबेथ, आणि चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल), एवढी मोठी की हायवेवरून वाचता येतात. आमच्याकडे आमदाराच्या बंगल्यावर असतात त्याहून मोठी.

रॉबर्ट स्मिथसनचं डिझाइन. काच एवढी की इंग्रजीत म्हणच आहे, भिंतीपेक्षा काच जास्त. खालच्या मजल्याच्या खिडक्या छोट्या, मधल्या मोठ्या, वरच्या प्रचंड, नोकर खाली, घरचे मधे, मानाच्या खोल्या वर. मला प्रश्न पडला वजन कशावर आहे. उत्तर आत आहे, घराच्या मधून पाठीच्या कण्यासारखी एक जाड भिंत जाते आणि धुराडी त्या आतल्या भिंतींत घेतलीत, म्हणून बाहेरची भिंत मोकळी राहिली. तरी काही खिडक्यांच्या मागे आतून बंद भिंत आहे, बाहेरून जोडी जुळावी म्हणून नुसती काच. चीटिंग, भाची म्हणाली, आता तिला तोच नाद लागला होता.

वर सुमारे १६० फूट लांब गॅलरी आहे, तिथले बायबलमधल्या गिडिऑनच्या गोष्टीचे १३ विणलेले भित्तिपडदे बेसने दुसऱ्या एका मोठ्या माणसाच्या इस्टेटीतून ३२६ पौंडांना घेतले, आणि त्यावर त्याचं कुलचिन्ह आहे ते बदलायला खर्च येईल म्हणून ५ पौंड कमी करून घेतले, मग स्वतःचं चिन्ह कापडावर रंगवून वरून शिवून टाकलं. ताईला ही बाई भयंकर आवडली.

पण हे घर असं जसंच्या तसं का राहिलं? कारण पुढच्यांना ते नको होतं. तिचे वंशज चॅट्सवर्थला राहायचे, सगळी हौस, सगळा पैसा, सगळे आर्किटेक्ट तिकडे. हार्डविक अडगळ. म्हणून आज तिच्या हातचं घर बघायचं तर इथे यावं लागतं, आणि जे घर तिने आधी, तरुणपणी, हौसेने बांधलं ते प्रेमाने पाडून पाडून तिच्याच वंशजांनी गिळलं. मला विचाराल तर मी तरी चॅट्सवर्थच घेईन. हार्डविकमध्ये मी दबून चालत होतो. तिकडे नऊ फुटांची चूक लपवणाऱ्या माणसाशी मला बोलता आलं असतं.

संध्याकाळी सामान भरून झालं आणि ताई टेप घेऊन आली. नाही म्हणायची सोय नव्हती. परसात दाजींनी एक टोक धरलं, भाचीने वहीत आकडे लिहिले. डावीकडून घराची भिंत ते कुंपण बारा फूट चार इंच, उजवीकडून अकरा फूट नऊ. परत मोजलं, तेच. शेजाऱ्याचं कुंपण आणि घर एकमेकांना समांतर नाहीत, सात इंचांचा फरक. मी म्हटलं ताई, मागची भिंत एकतर घराला समांतर येईल नाहीतर कुंपणाला, दोन्ही जमणार नाही, टाइल्समध्ये पाचर दिसणार.

ताईने टेप गुंडाळली आणि म्हणाली, "मग गोल करू ना."